मापाची सायकल आणि तिची किंमत



शिंप्याकडे जाऊन सदरा बेतून घेणें यांत आपल्याला कांहीं नवल वाटत नाहीं. पण सायकलीचा सांगाडा, ज्याला आपण फ्रेम म्हणतों, तोहि अंगाचें माप देऊन करवून घेणारे लोक आहेत आणि त्यासाठीं ते तयार फ्रेमच्या कित्येक पट किंमत मोजतात, असें ऐकलें म्हणजे पुष्कळांच्या भुंवया वर चढतात. माझ्याहि चढल्या होत्या. दोन वर्षांपूर्वीं माझी पुतणी ॲल्युमिनियमची अशी फ्रेम करवून घेण्याचा बेत घेऊन माझ्याकडे आली. तिनें सांगितलेल्या रकमेंत बाजारांतल्या तीन बऱ्या सायकली आल्या असत्या. पैसे तिच्या कमाईचे होते. पण माझी उमेद धातूंच्या कारखान्यांत गेलेली, म्हणून सल्ला माझा हवा होता. "काका, हे पैसे पाण्यांत जातील का, एवढेंच सांगा," ती म्हणाली.

मीं आधीं धातूकडे पाहिलें. ॲल्युमिनियमचें वजन पोलादाच्या सुमारें एकतृतीयांश. पण ताठपणाहि एकतृतीयांशच. पोलादी नळीच्याच मापाची नळी ॲल्युमिनियमची केली तर सायकल हलकी होते खरी, पण वेतासारखी लवते. फ्रान्समधील व्हितू या कंपनीची ९७९ ही सायकल याच जातीची. नळ्या बारीक आणि सांधे चिकटवून बसविलेले. आयर्लंडचा शॉन केली तिच्यावर बसून शर्यतींमागून शर्यती जिंकत होता, ही गोष्ट ताठपणाचे गोडवे गाणारांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. लवचीकपणावर तोड निघाली ती अमेरिकेंत. १९७० नंतरच्या दशकांत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेंत शिकलेल्या गॅरी क्लाइन यानें नळ्यांचा व्यास वाढविला. पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होतें, पण ताठपणा आठपट होतो. सारें मर्म एवढ्यांतच आहे. १९८३ सालीं कॅननडेल कंपनीनें अशाच लठ्ठ नळ्यांची सायकल विक्रीला आणली, आणि पुढें तैवान व चीन येथील कारखान्यांनीं ती घरोघर पोंचविली.

आतां हा धातु कारागिराच्या हातीं कितपत मानवतो तें पाहूं. मॅग्नेशियम व सिलिकन मिसळलेली ६०६१ या क्रमांकाची मिश्रधातु फ्रेमसाठीं नेहमीं वापरतात. झाळून सांधा जोडला कीं सांध्याजवळचें तिचें बळ पुष्कळ उतरतें. तें परत आणावयाचें तर सबंध फ्रेम भट्टींत सुमारें ५३० अंशांपर्यंत तापवून एकदम थंड करावी लागते. लोहार पोलादाला पाणी पाजतो तें लगेच कठीण होण्यासाठीं; ॲल्युमिनियम मात्र पाणी पाजल्यावर कांहीं काळ मऊच राहतें. वांकडी झालेली फ्रेम त्या अवकाशांत सरळ करून घ्यावयाची आणि मग सुमारें १७० अंशांच्या मंद आंचेवर कित्येक तास पिकवावयाची, तेव्हां कोठें तिला खरें बळ येतें. कारखान्याच्या भट्टींत अशा फ्रेमा ढिगांनीं शिरतात; एकट्या कारागिराला एका फ्रेमसाठीं तीच यातायात. कांहीं कारागीर म्हणूनच जस्ताची ७००५ ही मिश्रधातु पत्करतात. तिला पाणी पाजण्याची गरज नसते, मंद आंच पुरते. शिवाय कारखाने सांच्यांत द्रवाचा दाब देऊन नळ्यांना हवा तो आकार देतात. ते सांचे लहान कारखानदाराला परवडणारे नव्हेत. सारांश, धातूच्या बाबतींत मोठ्या कारखान्याची बरोबरी करण्यांतच कारागिराची दमछाक होते. इटलींतल्या दारिओ पेगोरेत्ती याच्यासारखा एखादा गुणी माणूस निराळा. २०१८ सालीं तो वारला. त्यानें पोलादांत आणि ॲल्युमिनियममध्यें सारख्याच हातोटीनें काम केलें, आणि व्यावसायिक शर्यतपटूंसाठीं दुसऱ्यांच्या नांवाखालीं फ्रेमा घडविल्या. पण पेगोरेत्ती गल्लोगल्लीं नसतात.

इतका विचार झाल्यावर मीं पुतणीला "नको" म्हणणारच होतों. तिनें मला अंगणांत नेलें आणि ती आपल्या जुन्या सायकलीवर बसली.

तिची उंची चार फूट दहा इंच. तिला २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करण्याच्या फेऱ्यांचा नाद; पण ऐंशी किलोमीटर झाले कीं बोटें बधिर होत आणि मान आंखडे. दुकानदारानें हँडलचा स्टेम दोनदां आंखूड करून दिला, सीट पुढें सरकविली. गुण आला नाहीं. हळू वळण घेतांना तर बुटाचें टोंक पुढल्या चाकाला लागे. एकदां त्यापायीं ती भर चौकांत पडलीहि होती. मीं फूटपट्टी घेऊन बसलों तेव्हां कारण उमगलें. प्रचलित चाकाचा टायर बसतो तेथला व्यास ६२२ मिलिमीटर. हें चाक कायम ठेवून फ्रेम लहान करावयाची, म्हणजे पुढची लांबी एका मर्यादेखालीं नेतां येत नाहीं. तेव्हां कारखानदार सीटची नळी अधिक उभी करतो. तिच्यामुळें कागदावर वरची नळी आंखूड दिसते. बसणाराला मांड्यांच्या सोयीसाठीं सीट पुन्हां मागें घ्यावी लागते, आणि वांचविलेली लांबी परत येते. सगळ्यांत लहान म्हणून विकलेली फ्रेम तिच्यापुरती लहान नव्हतीच! आणखी एक गोष्ट. लहान फ्रेमच्या नळ्या आंखूड, म्हणून मुळांतच ताठ. त्यांत व्यास बहुधा तोच, जो धिप्पाड पुरुषाच्या फ्रेमला. चव्वेचाळीस किलो वजनाच्या मुलीला रस्त्याचा प्रत्येक खड्डा मोजावा लागे तो यामुळें.

मीं मत बदललें, पण सगळें नाहीं. मध्यम उंचीच्या, हातापायांचें प्रमाण सर्वसाधारण असलेल्या माणसानें मापाची ॲल्युमिनियम फ्रेम घेणें ही हौस आहे. हौसेला माझी ना नाहीं, पण तिला गरज म्हणूं नये. त्यानें जाणत्या माणसाकडून सीट व हँडल आपल्या अंगाला लावून घ्यावें. थोडक्यांत काम भागतें. ज्याचें शरीर कारखान्याच्या शिडीच्या पहिल्या पायरीखालीं किंवा शेवटच्या पायरीवर आहे, त्यानें मात्र पैसे द्यावेत. तें मोल मापाचें आणि कसबाचें आहे; धातूचें नव्हे. म्हणून मीं तिला पोलाद सुचविलें. पोलादाचा सांधा चुकला तर पितळेचा डाग उतरवून पुन्हां देतां येतो, वांकलें तर सावरतां येतें, आणि ताण ठराविक मर्यादेंत राहिला तर तें थकत नाहीं. ॲल्युमिनियमला अशी निर्धोक मर्यादा नाहीं. थोडाथोडा ताणहि त्याच्या खात्यावर जमत राहतो.

तिनें ऐकलें, मान हलविली, आणि ॲल्युमिनियमचीच फ्रेम सांगितली. घाट चढतांना वजन तिला स्वतः ओढावयाचें होतें, मला नव्हे. मीं फक्त दोन अटी घातल्या: झाळकामानंतर भट्टीचें काम कोण आणि कसें करणार, हें कारागिराकडून लेखी घ्यावयाचें, आणि नळ्या तिच्या वजनाच्या बेतानें बारीक निवडावयाच्या. चाकें ५७१ मिलिमीटरचीं घेतलीं. बूट आतां चाकाला लागत नाहीं. बोटांचा बधिरपणा पुष्कळ कमी झाला. अजिबात गेला असें ती म्हणत नाहीं, आणि मीहि म्हणणार नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत ती घसरून पडली आणि खालच्या नळीला पोंचा आला. अशी नळी ठोकून सरळ करणें धोक्याचें. फ्रेम बदलावी लागेल, असें कारागिरानें सांगितलें. ती चार दिवस कष्टी होती. मग तिनें कपाटांतून मापाचा कागद काढला आणि त्याच कारागिराला पोलादाचा दर विचारणारें पत्र लिहिलें.