मूळ वाढलं, पण औषध वाढलं का?



तुरीचे शेंडे आपण खुडतो, मग बाजूला फांद्या फुटतात. असं का होतं? शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खाली उतरतं आणि बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की डोळे मोकळे होतात. संप्रेरक म्हणजे झाडानं स्वतःसाठी बनवलेला निरोप. अगदी कणभर, पण सगळ्या झाडाला कामाला लावणारा.

ऑक्सिनचं दुसरं काम म्हणजे मुळं फोडणं. डाळिंबाच्या काडीला लावतात त्या रूटिंग पावडरीत आय.बी.ए. असतं, ते याच घराण्यातलं.

आता अश्वगंधा बघा. तिचं औषध मुळात, म्हणून पाच-सहा महिन्यांनी अख्खं झाड उपटावं लागतं. झाडाशिवाय नुसती मुळंच वाढवता येतील का? धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात असे प्रयोग झाले. पानाचा निर्जंतुक तुकडा साखर, क्षार आणि आय.बी.ए. घातलेल्या द्रावणात ठेवला, की मातीविना मुळं फुटतात. कोरियात तर जिनसेंगची मुळं मोठमोठ्या टाक्यांत वाढवतात.

तिथं एक गोष्ट स्पष्ट दिसली. ऑक्सिन बेतानं दिलं तर मुळं भरभर वाढतात. जास्त झालं तर मुळांऐवजी नुसता पेशींचा गोळा होतो. मग दुसरं संप्रेरक दिलं, जास्मोनेट. जाईच्या कुळातल्या फुलांच्या तेलात ते प्रथम सापडलं, म्हणून हे नाव. ते दिल्यावर जिनसेंगच्या मुळांची वाढ मंदावली, पण औषधी द्रव्य वाढलं. अश्वगंधेच्या मुळांतही जास्मोनेटनं औषधी द्रव्य वाढतं.

याचं कारण सोपं आहे. अळीनं पान कुरतडलं की झाड जास्मोनेट बनवतं. तो धोक्याचा निरोप. मग झाड स्वतःला वाचवायला कडू, उग्र द्रव्यं तयार करतं. त्यातलीच काही आपलं औषध. घरात पिठाचा डबा एकच असतो ना, तसं झाडाचं आहे. अंग वाढवायचं की राखण करायची, खर्च एकाच डब्यातून. म्हणून प्रयोगशाळेत आधी ऑक्सिन देऊन मुळं वाढवतात आणि शेवटी थोडे दिवस जास्मोनेट देतात.

आपल्या गटानं यातून काय घ्यायचं?

रूटिंग पावडर काडीच्या खालच्या टोकालाच लावा, पाकिटावर लिहिली आहे तेवढीच. जास्त लावल्यानं जास्त मुळं येत नाहीत, उलट काडी वाया जाते.

‘मुळं जाड करणारं टॉनिक’ विकायला कुणी आलं, तर आत काय आहे ते लेबलवर वाचा, पक्की पावती मागा. औषधी पीक असेल तर फवारण्याआधी माल घेणाऱ्याला विचारा. जाडी डोळ्यांना दिसते, वजन काट्यावर कळतं, पण औषध किती ते तपासणीतच कळतं.

आणि टाकीतल्या मुळांमुळे आपलं शेत बंद पडेल, ही भीती आज नको. निर्जंतुक खोली, वीज, साखर, सगळ्याला पैसा लागतो. अश्वगंधा उपटताना मात्र चांगली, निरोगी झाडं बियांसाठी राखून ठेवा. टाकी मुळं देईल, पुढच्या हंगामाचं बी आपल्याच शेतातून यायचं आहे.