तापाची गोळी आणि ताप

दिल्लीत पाऊस ओसरू लागला, की तापाचा हंगाम सुरू होतो. शहराच्या दक्षिण भागात, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या शेजारी असलेले मुनिरका हे मूळचे खेडे. आज त्याच्या अरुंद गल्ल्यांत उंच घरे एकमेकांना खेटून उभी आहेत आणि त्यांतील लहान लहान खोल्यांत निरनिराळ्या प्रांतांतून आलेले विद्यार्थी व नोकरदार राहतात. राष्ट्रीय आरोग्य व परिवार कल्याण संस्थान हेही ह्याच मुनिरक्यात आहे. परंतु अंगात कणकण भरलेला माणूस प्रथम जातो तो कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात. तो 'तापाची गोळी' मागतो, आणि गोळी मिळते. ती कोणती, हे मात्र तो सहसा विचारीत नाही. खरा धोका ह्या न विचारण्यात आहे.

ताप व वेदना शमविणारी नेहमीच्या वापरातील औषधे स्थूलमानाने दोन प्रकारची असतात. एक पॅरासिटामॉल, आणि दुसरा ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक इत्यादींचा वर्ग. हा दुसरा वर्ग वेदना व सूज निर्माण करणारी शरीरातील द्रव्ये रोखतो. पण जठराच्या अस्तराचे रक्षण करणे व मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखणे ही कामेही त्याच जातीची द्रव्ये करीत असतात. म्हणून ह्या गोळ्यांनी कोणाच्या जठरात व्रण होतो, कोणाला रक्तस्राव होतो, तर तापाने शुष्क झालेल्या रोग्याच्या मूत्रपिंडास इजा पोचते. ॲस्पिरिन तर रक्त साकळण्यास साहाय्य करणाऱ्या प्लेटलेट-कणांनाच निकामी करते.

आता डेंग्यूचा विचार करावा. ह्या रोगात प्लेटलेट-कण आधीच घटलेले असतात. त्यांत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन पोटात गेले, तर रक्तस्रावाचे भय वाढते. १९९६ साली दिल्लीत डेंग्यूची जी मोठी साथ आली, तीत दहा हजारांहून अधिक रोगी नोंदले गेले आणि चारशेंहून अधिक माणसे दगावली. पुढे २०१६ साली साथीच्या दिवसांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ही औषधे विकू नयेत असे दिल्लीतील विक्रेत्यांना बजावण्यात आले. साथीच्या दिवसांत निदान होईपर्यंत तापावर पॅरासिटामॉलच घ्यावे, हा त्यामागील बोध सर्व प्रांतांना सारखाच लागू आहे. हृदयविकारासाठी जे रोज ॲस्पिरिन घेतात, त्यांनी मात्र ते आपल्या मनाने बंद न करता ताप येताच डॉक्टरांस विचारावे.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. डेंग्यूतील बिकट काळ पुष्कळदा ताप उतरत असतानाच, म्हणजे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, सुरू होतो. थर्मामीटर पाहून घरची मंडळी निश्चिंत होतात, आणि त्याच वेळी रोग्याच्या पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थता किंवा ग्लानी दिसू लागते. अशा वेळी गोळी शोधीत न बसता रुग्णालय गाठावे. ताप उतरणे म्हणजे रोग उतरणे नव्हे.

मग पॅरासिटामॉल तरी सर्वथा निर्धोक आहे काय? मोजून घेतले तर बहुतेकांना ते निर्धोक असते. निरोगी प्रौढ माणसाने ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या घ्याव्यात, दोन मात्रांत निदान चार ते सहा तासांचे अंतर ठेवावे, आणि २४ तासांत एकूण आठ गोळ्यांची मर्यादा ओलांडू नये. कृश माणसे, मद्यपी व यकृताचे रोगी ह्यांची मर्यादा याहून कमी असते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी. घोटाळा होतो तो नावांमुळे. सर्दीच्या गोळीतही पुष्कळदा पॅरासिटामॉल असते. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेणारा एकच औषध दुप्पट घेत असतो. मात्रा अतिरिक्त झाली तर पहिल्या दिवशी फारसे काही जाणवत नाही. यकृताची हानी दोन-तीन दिवसांनी प्रकट होते. ह्यावर उतारा आहे, पण पहिल्या आठ तासांत दिल्यास तो सर्वांत गुणकारी ठरतो. म्हणून लक्षणांची वाट पाहू नये.

मुलांची मात्रा वजनावरून ठरते; मोठ्यांच्या गोळीचा अंदाजाने केलेला तुकडा म्हणजे मुलाची मात्रा नव्हे. सोळा वर्षांखालील मुलांना डॉक्टरांनी सांगितल्यावाचून ॲस्पिरिन देऊ नये. विषाणूजन्य तापात त्यामुळे मेंदू व यकृत यांस घातक असा एक विकार क्वचित उद्भवतो.

तात्पर्य, दुकानाच्या फळीपाशी तीन प्रश्न विचारावेत: ह्या गोळीत औषध कोणते, ते किती आहे, आणि पुन्हा केव्हा घ्यावयाचे? उत्तर वेष्टनावर छापलेल्या नावाशी ताडून पाहावे आणि घेतलेल्या गोळीची वेळ कागदावर टिपून ठेवावी. डॉक्टरांपुढे तो कागद ठेवला, म्हणजे रोग्याची अर्धी हकीकत तोच सांगेल.