लहरींची मालकी कुणाची?

(कल्याण येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)

जमीन, पाणी आणि जंगल यांच्या मालकीचा विचार समाजवादी चळवळीने सातत्याने केला. मोबाईल ज्यांवर चालतो त्या रेडिओलहरी डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून त्यांचा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून आपण मोकळे झालो. वस्तुतः हाही मालकीचाच प्रश्न आहे. या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच दिला. तिचा विनियोग कुणाच्या हितासाठी होतो, हे आपण तपासले पाहिजे.

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्या. मोबाईल परवान्यांसाठी देशाची सेवाक्षेत्रे पाडलेली आहेत. मुंबई, नवी मुंबई व कल्याण ही दूरध्वनी क्षेत्रे मिळून ‘मुंबई’ हे एक सेवाक्षेत्र झाले. उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसऱ्यात गेला. म्हणजे ठाणे, डोंबिवली, कल्याण मुंबईत आणि त्याच जिल्ह्यातील शहापूर-मुरबाड मुंबईबाहेर! 2010 च्या थ्री-जी लिलावात एका लहरपट्ट्याला मुंबईत सुमारे 3,247 कोटी रुपये किंमत आली. विदर्भापासून गोव्यापर्यंतच्या विस्तीर्ण मुलखाला मात्र सुमारे 1,258 कोटी. पट्टा तेवढाच, किंमत ठरली ती ग्राहकाच्या खिशावरून. जेथे खिसा रिकामा, तेथे मनोरा उभारण्याची घाई बाजाराला नसते.

मग सरकारने लहरी मर्जीने वाटाव्यात काय? मुळीच नाही. 2008 मध्ये तसे वाटलेले 122 परवाने न्यायालयाला 2012 मध्ये रद्द करावे लागले. परंतु त्याच वर्षी न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, लिलाव हा एकमेव घटनात्मक मार्ग नव्हे. खरी कसोटी लोकहिताची.

लिलावाचा अतिरेक काय करतो पाहा. 700 मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर पोहोचतात, भिंतीही भेदतात. थोड्या मनोऱ्यांत खेडी जोडण्यास त्या सर्वांत सोयीच्या. 2016 मध्ये देशभरासाठी त्यांची राखीव किंमत दर मेगाहर्ट्झला 11,485 कोटी रुपये ठेवली गेली. एकही बोली आली नाही. 2021 मध्येही तेच घडले. 2022 मध्ये ग्राहक मिळेपर्यंत ही सार्वजनिक संपत्ती पडून राहिली. तिजोरीला पैसा नाही आणि खेड्याला सेवाही नाही.

लहरींना देशांच्या सीमा नसतात. म्हणून कोणता पट्टा कशासाठी वापरावा, याची चौकट आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात ठरते. वाटप कसे करायचे, हे मात्र प्रत्येक देश स्वतः ठरवतो. जर्मनीने 2000 मध्ये लिलावातून सुमारे 50 अब्ज युरो मिळवले. पण 2010 मध्ये 800 मेगाहर्ट्झचे पट्टे देताना सेवेपासून वंचित ग्रामीण भागाला प्राधान्य देण्याची अट घातली. फ्रान्सने 2018 मध्ये नव्या लिलावाऐवजी परवान्यांची मुदत वाढवली आणि त्या बदल्यात दुर्लक्षित भागांत सेवा पोहोचवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले.

विस्ताराच्या अटी आपल्याकडेही आहेत. पण ग्रामपंचायतीला त्या ठाऊक नसतील, तर त्यांचा जाब विचारणार कोण? वाटपाचा हिशेब कोटींत मांडला जातो. तो गावांतही मांडा, ही मागणी आपण केली पाहिजे. आणि ती करण्याची पहिली जबाबदारी, मित्रहो, रेषेच्या या बाजूला सुखाने बोलणाऱ्या आपणा ठाणे-डोंबिवलीकरांची आहे.