आमच्या घरची जाहिरात

(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्ही डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलेले. व्यासपीठाची सवय नाही, म्हणून घरचीच गोष्ट सांगतो. आम्ही तिघे भावंडे. तिघांच्या संमतीनेच सांगतो आहे.

आई गेल्यावर नाना आदिलाबादच्या घरात एकटेच राहिले. आम्ही नोकरीमुळे तीन गावांना. पैसे पाठवत होतो, औषधे पाठवत होतो. आपले सगळे नीट चालले आहे अशी आमची समजूत होती. एका रविवारी नानांकडे जेवायला बसलो असता फोन आला. पलीकडून बाई म्हणाल्या, ‘जाहिरात वाचून बोलतेय.’

नानांनी पेपरात जाहिरात दिली होती! ‘विधुर, निवृत्त, वय ६६. घर स्वतःचे. मुले मार्गी लागलेली. मधुमेह आहे. बोलायला माणूस हवे. जातीची अट नाही.’

आम्ही चिडलो. थोरला म्हणाला, लोक काय म्हणतील. ताई म्हणाली, आईची जागा कशी भरता. आणि तिसऱ्याच्या, म्हणजे आमच्याच, मनात आले ते आम्ही बोललो नाही. ते म्हणजे, घर कुणाच्या नावावर जाईल?

नाना काही बोलले नाहीत. पण ताईला स्वयंपाकघरात दुधाच्या हिशेबाचे कॅलेंडर दिसले. ज्या तारखेला आमच्यापैकी कुणाचा फोन आला त्या तारखेला बारीक टिकली. अख्ख्या जून महिन्यात चार टिकल्या. आम्ही तिघे मिळून चार! त्या दिवशी कुणी कुणाशी भांडले नाही.

मंडळी, असे करणारे नाना एकटे नाहीत. २०२१ मध्ये म्हैसूरच्या ७३ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी वर पाहिजे म्हणून जाहिरात दिली. काही हसले, पुष्कळांनी कौतुक केले, आणि एका ६९ वर्षांच्या निवृत्त इंजिनिअरांनी प्रतिसादही दिला. आपल्या हैदराबादेत २०१० पासून राजेश्वरीबाई ज्येष्ठांच्या लग्नासाठी ‘तोडु नीडा’ ही संस्था चालवतात. मराठी कानाला ‘तोडू’ ऐकून दचकायला होते. पण तेलुगूत तोडु म्हणजे सोबत आणि नीडा म्हणजे सावली, हे इथे कुणाला सांगायला नको. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ च्या सुमारास असेच काम सुरू केले. कोल्हापूर जिल्ह्यात घोसरवाडच्या वृद्धाश्रमात २०२३ मध्ये सत्तरीच्या जोडप्याचे लग्न लागले.

आणि विरोध तर जुनाच. १८९३ साली महर्षी कर्व्यांनी विधवेशी लग्न केले तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने बहिष्कार घातला. आज त्याच कर्व्यांचे फोटो आपण शाळेत लावतो.

आता कागदपत्रांचे, कारण सगळ्या घरांत अडते ते इथेच. हिंदू वारसा कायद्यात पत्नी आणि मुले यांना सारखा वाटा असतो. तेव्हा स्वतः कमावलेल्या मिळकतीचे मृत्युपत्र लग्नाआधी मुलांसमोर करावे. संशय तिथेच मिटतो. निवृत्तीनंतर लग्न केले तरी पत्नी फॅमिली पेन्शनला पात्र ठरते, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा भगवंती प्रकरणातला निकाल आहे. मात्र विधवेला पहिल्या पतीमागे मिळणारे पेन्शन पुनर्विवाहानंतर बहुधा बंद होते. ऑफिसात विचारूनच पाऊल टाकावे.

ज्यांचा फोन आला होता त्या पैनगंगेपलीकडच्या, यवतमाळ जिल्ह्यातल्या. त्यांचेही पेन्शन जाणार होते. आम्ही स्पष्ट विचारले. म्हणाल्या, ‘पेन्शन दर महिन्याला येतं बाबा, पण ताप आला तर कपाळावर हात ठेवत नाही.’ यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

विशेष विवाह कायद्याखाली नोंदणीचे लग्न ठरले. त्याला तीस दिवसांची नोटीस लागते. ते तीस दिवस आम्हालाच जड गेले. नातेवाइकांचे फोन, टोमणे, सगळे झाले. लग्नाला साक्षीदार तीन लागतात. बाहेरचे कुणी शोधावे लागले नाहीत. आम्ही तिघांनी सह्या केल्या. ताईने सर्वांत शेवटी केली, पण केली.

आईचा फोटो होता तिथेच आहे. रोज हार मावशी घालतात. आम्ही त्यांना मावशीच म्हणतो. आई म्हणा असा आग्रह त्यांनीही धरला नाही. नानांची साखर आटोक्यात आहे असे म्हणणार नाही, पण गोळी चुकत नाही. कॅलेंडरवर आता फक्त दुधाचाच हिशेब असतो.

मंडळाला एक विनंती. आपल्या वधू-वर नोंदणीच्या वहीत पन्नाशीपुढच्यांसाठी चार पाने राखून ठेवावीत. नाव लिहायला येणाऱ्याला कुणी हसू नये. आणि वडीलधाऱ्यांना एकटे ठेवून नदीपलीकडे, हैदराबादेला, परदेशाला गेलेल्या आपल्यासारख्यांनी आज घरी गेल्यावर एक फोन करावा.

गणपती बाप्पा मोरया!