पानातले पाणी कोणी नेले?

(रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



निपाणीच्या बाजूला मी मास्तर होतो. तिकडे विडीच्या तंबाखूचे पीक मोठे. तिथल्या दोन भावांची ही गोष्ट.

थोरल्याने खुडलेला हिरवा पाला तोलला. तो ५०० किलो भरला. मग कामासाठी तो परगावी गेला. धाकटा रात्रंदिवस राखणीला राहिला. पाला वाळल्यावर थोरला परत आला. पुन्हा तोलला, तर फक्त ९० किलो!

थोरला म्हणाला, "बाकीचा माल कुठं गेला? परस्पर विकलास काय?"

धाकट्याचे डोळे भरून आले. "दादा, एक पानसुद्धा हललं न्हाई."

बोलणे वाढले. एका घरात दोन चुली व्हायची वेळ आली. तेव्हा दोघे माझ्याकडे आले.

मी म्हटले, "भांडू नका. तोलून बघू."

शेतात थोडा पाला उभा होता. त्यातला १० किलो खुडला आणि उन्हात पसरला. रोज दुपारी तोलायचा. आकडा भिंतीवर लिहायचा. लिहायचे काम थोरल्याला दिले.

आधी वजन भराभर उतरले. मग सावकाश. पान पिवळे पडले, पुढे तांबूस झाले. कडा आत वळल्या. पान आक्रसले. मधली जाड शीर सगळ्यांत शेवटी वाळली. अखेर वजन उरले १ किलो ८०० ग्रॅम.

मग ५०० किलोचे किती? थोरल्याने भिंतीवरच हिशेब केला. उत्तर आले ९० किलो. त्याने मान खाली घातली. मग धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला.

मंडळी, माल नेला कोणी? ऊन आणि वाऱ्याने. हिरव्या पानाच्या १०० भागांत ८० ते ९० भाग पाणीच असते. ते उडून जाते. म्हणून पान हलके होते आणि आक्रसते.

आणखी एक गंमत ऐका. एकदा आम्ही तोच वाळला पाला पहाटे तोलला. वजन वाढले होते! वाळले पान दहिवराची ओल पिते. तेव्हा ते मऊ होते. चुरा न होता गोळा करता येते. पण पाला फार ओला असताना रचला, तर बुरशी धरते. आणि विकताना ओल्या मालाचा भाव पडतो.

हळद, मिरची यांचेही असेच. वाळली की वजन घटते.

आता तुम्हांला लिहिता येते. माल हिरवा असताना तोला. वाळल्यावर तोला. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. आपल्या माणसावर संशय घेण्याआधी ती वही उघडा.