आपली साक्ष पूर्ण असू द्या

(नांदेड-लातूर विद्यार्थी सहलीच्या समारोपात केलेलं भाषण)



दोस्तांनो, काल सकाळी नांदेडहून निघताना तुमच्यापैकी एकानं विचारलं, "भाई, सलोखा शिकायला आपण लातूरला कशाला चाललोय?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आता उत्तर देतो.

माझ्या दादीच्या बोलण्यात काळाचे दोनच भाग असायचे: 'पोलीस ॲक्शन'च्या आधी आणि नंतर. त्यापुढे ती काही सांगायची नाही आणि आम्हीही विचारलं नाही. 17 सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन व्हायचं, गोळ्या मिळायच्या. घरी दादी दिवसभर गप्प असायची. हे असं का, ते मला इंजिनिअरिंग संपेपर्यंत कळलं नाही.

काल आपण बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरला थांबलो. निजामाच्या राजवटीविरुद्ध उभे राहिलेले गोविंदराव पानसरे 1946 मध्ये तिथे मारले गेले. पुढे रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली. त्यांचा नेता कासिम रझवी याच लातूरचा वकील. हे सगळं आपल्या धर्माचं नाव घेऊन झालं. त्याला विरोध करणारे मुसलमानही होते. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना त्यापायी ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत जीव गमवावा लागला.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. 17 तारखेला निजामानं शरणागती पत्करली. त्यानंतर सूड उगवला गेला तो सामान्य मुसलमानांवर. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना केंद्र सरकारनं पाहणीसाठी पाठवलं. त्यांच्या अंदाजानुसार संस्थानात किमान 27 ते 40 हजार माणसं मेली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड होता आणि उस्मानाबादही होता. लातूर तेव्हा उस्मानाबादमध्येच होतं. लातूर शहरात वीस दिवसांहून जास्त काळ हत्या चालल्या. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार शहरात उरले होते. हा अहवाल सरकारनं कित्येक दशकं प्रसिद्ध केला नाही.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर भावांना वाचवलं आणि त्यासाठी स्वतःचे जीवही दिले. पळवून नेलेल्या बायकांना परत आणायला अनेक हिंदूंनी मदत केली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बिघाड शोधताना सगळी नोंद वाचावी लागते. सोयीच्या तेवढ्याच ओळी वाचल्या तर बिघाड तसाच राहतो. आपल्याकडे एक घर अर्जापूर लक्षात ठेवतं, दुसरं घर लातूर लक्षात ठेवतं, आणि विणकर कुणाच्याच लक्षात नाहीत.

दक्षिण आफ्रिकेत 1996 मध्ये आयोगासमोर जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. सोसणारे बोलले, करणारेही बोलले. आपल्याकडे तशी सुनावणी झाली नाही. म्हणून ती आता आपल्या ओसरीवर घ्यायची आहे. सूरह निसाची 135वी आयत तुम्हाला माहीत आहे. साक्ष स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या विरोधात जात असली तरी न्यायानं द्यायची, हा आपल्यावरचा हुकूम आहे.

घरी गेल्यावर मोहल्ल्यातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. दोन प्रश्न विचारा: तेव्हा आपल्या घरात काय झालं? आणि आपल्याला कुणी वाचवलं? उत्तर लिहून ठेवा. मग एखाद्या हिंदू मित्राच्या आजोबांकडे जा. रझाकारांच्या काळात तुमच्या गावात काय झालं, ते विचारा. ते बोलत असताना मध्येच आपली बाजू मांडू नका. पूर्ण ऐकून घ्या.

आणि पुढच्या 17 सप्टेंबरला झेंडावंदनाला नक्की जा. मराठवाडा आपलाही आहे. तिथून घरी येऊन दादीजवळही बसा. माझी दादी आता नाही. तिला विचारायचं माझं राहूनच गेलं. तुमचं राहू नये.

जय हिंद.