बाटली गावानं आडवी करावी



दारूनं घर मोडतं, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. चंद्रपूरच्या मायबहिणींनी मोर्चे काढले ते हौसेनं नव्हे. सरकारनं 1 एप्रिल 2015 पासून जिल्ह्यात दारूबंदी केली. 2021 मध्ये सरकारनंच ती उठवली. कारण दिलं, अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले.

आपल्याला यात नवल नाही. एकाधिकार खरेदीच्या काळात आपला कापूस राज्याबाहेर न्यायला बंदी होती. पलीकडे भाव चढा असला की रात्री गाड्या निघत आणि नाक्यावर हप्ता द्यावा लागे. स्वतःच्या शेतातला माल विकणारा शेतकरी चोर ठरे! बंदीनं माल थांबत नाही, हप्तेखोर पोसले जातात.

1949 च्या दारूबंदी कायद्यानं प्यायला आजही परवाना लागतो. शहाण्या माणसानं काय प्यावं हे ठरवणं सरकारचं काम नाही. पिऊन बायकोला मारलं, तर त्याला धरणं हे मात्र सरकारचंच काम. नेमकं तिथंच टाळाटाळ होते.

दुकान नको असेल तर गावात मतदान मागता येतं. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी बाटली आडवी केली की दुकान हटतं, आणि कुणाच्या घरात पोलीसही शिरत नाही.

म्हणून आमच्या मागण्या दोनच: मारहाणीची तक्रार त्याच दिवशी नोंदवा. आणि गावाचा कौल माना.